रागवलाय व्हय बाई?

पायाभूत चाचणीचा आज पहिला दिवस, मराठीचा पेपर. अर्धी वेळ झाली असेल, आरू उठून टेबलाशी आली. शंका विचारायला आली असेल असं वाटलं, तर हळूच म्हणते, “बाई, तुमी रागवलाय व्हय आमच्यावर?”

नाही गं, म्हटलं, जा, लिही. ती बसली, पण डोळे माझ्याकडेच. दिवसभर तेच डोक्यात आहे.

तिसरीची पोरं ही. अशा राज्याच्या चाचणीची त्यांना अजून सवय नाही. अडलं की ‘बाई’ म्हणायचं आणि बाईंनी शेजारी येऊन बसायचं, एवढीच रीत त्यांना ठाऊक. आज एकेकाला लांब बसवलं, जोड्या मोडल्या. हात वर झाले तेव्हा ‘तुझं तू वाच’ एवढंच म्हणाले. आठ वर्षांच्या मुलीनं यातून काय समजायचं? बाई रागावल्या, हेच.

चाचणीत मदत करायची नाही हा नियम बरोबर आहे, हे मी मनापासून म्हणते. दुसरीतलं कुणाचं काय कच्चं राहिलं ते कळावं म्हणून ही चाचणी. मी बोट ठेवून दाखवलं तर ते गुण माझे होतील, आणि ज्याला खरंच वाचता येत नाही तो पुन्हा वर्षभर झाकला जाईल. हे मला पटतं. पोरांना कसं पटावं?

तोंडीला समोर बसवलं तर हीच आरू घडाघडा बोलली. लेखीत कोरा सोडला होता तसलाच प्रश्न विचारला, माझं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर तयार. म्हणजे येत होतं. पण लिहिताना लक्ष माझ्या तोंडाकडे होतं.

संध्याकाळी फार एकटं वाटलं. वर्षभर यांना धीर द्यायचा आणि नेमकी ही घाबरतात तेव्हा आपण गप्प बसायचं. मग कुणाला ३० पैकी किती ते फोनवरून भरायचं, रेंज नसली की अंगणात फोन धरून उभं राहायचं. सर म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. त्यांचं बरं आहे. ताईला फोन लावणार होते, पण तिचं तिलाच सध्या इतकं आहे.

आता लिहिताना जरा निवळतंय. आरूनं निदान विचारलं. तिला पेपरची भीती वाटलीच नव्हती, बाई आपल्यापासून तुटल्या असं वाटलं. ही भीती घालवता येण्यासारखी आहे. ज्यांनी विचारलं नाही, त्यांच्या मनात काय चाललं होतं?

उद्या गणित. पेपर वाटायच्या आधी सगळ्यांना जवळ बसवून सांगणार: आता ९० मिनिटं बाई उत्तर सांगणार नाहीत, रागावल्या म्हणून नाही, तुम्हाला एकट्याला काय काय येतं ते बाईंना बघायचंय. एखादं नाही आलं तर सोडा, पुढचं करा, मग मागं या. पाणी पिऊन, लघवीला जाऊन बसा. पालकांच्या ग्रुपवर आत्ताच टाकते, किती पडले विचारू नका, आज काय वाचलंस ते विचारा. आरूच्या आजी मोबाइल बघत नाहीत, त्यांना सकाळी जाता जाता दारात सांगेन.

परवा इंग्रजी. तिथं निम्म्या पोरांना सूचनाच वाचता यायच्या नाहीत. त्याचं काय करायचं, हे अजून सुचलेलं नाही.