मोबाईल नंबरला प्रायमरी की केलं आणि फसलो

पिंपळगाव बसवंतला आमच्या मामांचा द्राक्षांचा व्यापार आहे, त्यांच्यासाठी हिशोबाचं छोटं सॉफ्टवेअर मीच लिहिलं, मायएसक्यूएल या डेटाबेसवर, आणि तेव्हा फार शहाणपणा करून शेतकऱ्याचा मोबाईल नंबरच प्रायमरी की, म्हणजे टेबलची प्रत्येक ओळ ओळखायची एकमेव खूण, ठेवला. म्हटलं नंबर प्रत्येकाचा वेगळाच असतो ना. पण लोक सिम बदलतात, आणि बाप-लेक दोघं एकच नंबर देतात! शेवटी सगळं उसवून साधा वाढत जाणारा आकडा आयडी केला, मोबाईलवर नुसता इंडेक्स (पटकन शोधायची सूची) टाकला, युनिक नाही, म्हणजे एकच नंबर दोघांचा असला तरी चालतो.

एक गोष्ट मला उशिराच कळली, इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) टेबलच्या ओळी प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवतात आणि बाकी प्रत्येक इंडेक्सच्या नोंदीत ती की परत लिहिली जाते, म्हणजे की लांबलचक असली की सगळेच इंडेक्स फुगणार.

मग गाव आणि तारीख मिळून एक जोड इंडेक्स केला. निफाडची मार्चमधली खरेदी आता झटक्यात येते, पण नुसत्या तारखेने शोधलं की परत रखडायचं, कारण इंडेक्समध्ये गाव आधी आहे. एक्सप्लेन (शोध कसा चालतो ते दाखवणारी आज्ञा) लावून बघितलं तर डेटाबेस अख्खं टेबल चाळत होता. मामा म्हणे, "मग सगळ्याच कॉलमांना टाक की इंडेक्स!" नको मामा, सीझनला दिवसभर पावत्या फाडायच्या आणि दर पावतीला प्रत्येक इंडेक्समध्ये पण नोंद करावी लागते. तारखेला एक वेगळा टाकला, बस. आता त्यांची तक्रार फक्त प्रिंटरची.