पोकळच हाय, मंग लाइटीला कामून?

“आतून पोकळच हाय की हो ही. मंग लाइटीला कामून जोडायलाव?” परभणीत मी ही गिटार बाहेर काढली की हा प्रश्न ठरलेला. गणपतीत झाला, भाच्याच्या साखरपुड्यात झाला. एरवी “तसंच असतं” म्हणून वेळ मारून नेतो. तुम्ही निवांत बसून विचारलंत म्हणून सांगतो.

गिटार आधी पोकळच होती, लाइट मागून आली. अमेरिकेतल्या मोठ्या जाझ ताफ्यांत ट्रम्पेट-सॅक्सोफोनपुढे तिचा आवाज म्हणजे वरातीच्या बँडमध्ये बासरी. मग 1936 मध्ये गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीने पोकळ गिटारलाच तारांखाली पिकअप बसवला, म्हणजे चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. ती ईएस-150. चार्ली ख्रिश्चन हा गिटारवाला 1939 मध्ये बेनी गुडमनच्या जाझ ताफ्यात गेला आणि तिच्यावर सॅक्सोफोनच्या तोडीचे तुकडे वाजवू लागला. 1942 मध्ये, पंचविशीतच वारला.

पिकअपला पोटातली हवा ऐकू येत नाही. त्याच्यावर पोलादी तार हलली की वेटोळ्यात बारीकशी वीज तयार होते, बस्स. नायलॉनच्या तारा लावा, स्पीकर ढिम्म. मग पोकळी कशाला? वरची पातळ फळी तारेसोबत थरथरते आणि तारेचा जोर खाते. त्यामुळे सूर टपकन उमटतो, लवकर विरतो. भरीव गिटारवर तो रेंगाळत बसतो. मला विरणारा आवडतो.

याची किंमतही मोजावी लागते. स्पीकरचा आवाज त्याच फळीला हलवतो, फळी तारेला, तार पुन्हा स्पीकरला, की सुरू झाली कोकलायला. ब्लूज गाणारे-वाजवणारे बी. बी. किंग म्हणूनच गिटारच्या भोकांत कापड कोंबायचे. 1980 मध्ये गिब्सनने त्यांच्यासाठी ‘ल्युसील’ नावाची गिटार काढली, ती बिनभोकांचीच. मी गणपतीच्या मांडवात जुनं बनियन कोंबलं होतं.

माझी गिटार गिब्सन वगैरे नाही. मामांच्या ऑर्केस्ट्रातली, लेबल कधीच गळून पडलेलं. कितीतरी उन्हाळे माळ्यावर, पत्र्याखाली तापली. लाकूड आकसलं आणि पाठीची फळी कडेनं उकलली. आधी कुणीतरी तिथं लांबी भरून वर रंग फासला होता, ती खरवडण्यातच आठ दिवस गेले. मग ओळखीच्या सुतारानं गरम सरस लावून रात्रभर शिकंज्यात धरली.

खरा घाम काढला तो आवाजाच्या बटणानं. मागं झाकण नाही, हात जाईल एवढी जागा नाही. ‘एफ’ अक्षरासारखी दोन भोकं, सगळा कारभार तिथूनच. गोधडीचा दोरा बटणाच्या भोकातून आत सोडायचा, आकड्यानं ‘एफ’मधून बाहेर काढायचा, त्याला नव्या बटणाची दांडी बांधायची आणि हळूहळू ओढायचं. दांडी तोंडाशी यायची आणि गाठ सुटायची. चार वेळा सुटली. पाचव्यांदा बायकोनं बांधली, ती टिकली.

गिटार उलटी करून झटकली तेव्हा आतून ज्वारीचे दाणे पडले, उंदरानं साठवलेले. दोन-चार अजून कुठंतरी अडकलेत, हलवलं की खुळखुळतात. शेजारच्या काकांना ऐकवलं तर म्हणाले, “पोकळ कुठंय मंग? बेगमी हाय की आत.”