ढगातली शंभरी: नाशिक–पहिने–वैतरणा–घोटी

नाशिकला समुद्र नाही, ही तक्रार आमच्या सायकल ग्रुपवर दर जूनमध्ये निघते. कोणीतरी कोकणातल्या सागरी रस्त्याचे फोटो टाकतं, चार दिवस बेत शिजतो, मग रजा, सायकली न्यायला टेम्पो, मुक्कामाचा खर्च असं एकेक निघत जातं आणि बेत बारगळतो. यंदा बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या काकांनी विषयच मिटवला. म्हणाले, "धुकं, पाणी आणि रिकामा रस्ता हवा ना? वैतरणा धरणाला चला. समुद्राचंच पाणी आहे ते, फक्त वरून आलेलं."

मग आम्ही नऊ जण जुलैच्या शेवटच्या बुधवारी पहाटे साडेपाचला त्र्यंबक नाक्यावर जमलो. बुधवार मुद्दाम. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी वाटेतल्या पहिने या धबधब्यांच्या गावात अर्धं नाशिक आणि उरलेली मुंबई उतरलेली असते, आणि त्या गर्दीत सायकल चालवण्यापेक्षा घरी भजी तळलेली बरी. एक रजा गेली तरी चालेल, पण वार सांभाळा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या आसपास तर जाऊच नका. ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखो माणसं येतात, तेव्हा तिथला रस्ता पायी चालणाऱ्यांचा असतो.

रस्ता असा: त्र्यंबक नाका, सातपूर, महिरावणी, अंजनेरी, मग त्र्यंबकच्या अलीकडे पेगलवाडी फाट्यावरून डावीकडे पहिने, पुढे वैतरणेच्या बॅकवॉटरच्या कडेने घोटी, आणि घोटीहून मुंबई-आग्रा महामार्गाने गोंदे, वाडीवऱ्हे, विल्होळी करत परत. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास. फेरी याच दिशेने करा. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा. पाय ताजे असताना तो तोंडावर घ्यायचा, म्हणजे घोटीहून परतताना तोच पाठीवर हात ठेवून ढकलतो. शिवाय मोठी वळणं सगळी डावीकडची, वाहनांची रांग कापायला लागत नाही. आमच्यातल्या दोघांनी मागच्या वर्षी उलटी फेरी केली होती. गोंदे ते घोटी वाऱ्याविरुद्ध चालवताना त्यांनी काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत जोडीने पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ नाशिकचे. त्यामुळे पहाटे हेल्मेट घालून निघालेल्या माणसाकडे शहरात आता कोणी वेड्यासारखं बघत नाही. सातपूर सोडलं की बघतात.

त्र्यंबक रस्त्याबद्दल एकच सांगतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, त्र्यंबक ७०० च्या वर. हा चढ पंचवीस-तीस किलोमीटरभर इतका पसरलाय की डोळ्यांना दिसत नाही, आणि आज पाय का जड आहेत असं प्रत्येकाला वाटत राहतं. पायांचा दोष नाही. गिअर हलका करा आणि गप्पा मारत चला. महिरावणीपर्यंत नुसती भुरभुर होती. अंजनेरीचा डोंगर मात्र पूर्ण गायब. हनुमंताचा जन्म इथला मानतात, पण त्या सकाळी हनुमंतालाही आपला डोंगर शोधायला लागला असता.

शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि इगतपुरीला तीन हजारांच्या पुढे. एवढ्याशा अंतरात एवढा फरक का, हे पेगलवाडीचा फाटा वळलं की अंगावरच कळतं. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला थडकून वर चढतो, गार होतो आणि रिकामा होतो. शहरापर्यंत पोचतो तो उरलासुरला. फाट्यापासून पुढे आम्ही धुक्यात शिरलो असं म्हणणं चूक ठरेल. तो ढगच होता, जमिनीवर बसलेला. भुवयांवर थेंब जमत होते आणि पुढच्याचं मागचं चाक तेवढं दिसत होतं.

इथे आमची पद्धत सांगून ठेवतो, कारण ती कामी आली. निघतानाच प्रत्येकाला नंबर दिलेला. दिसेनासं झालं की पुढचा ओरडतो "एक!", मागचा "दोन!", असं शेवटपर्यंत. पहिन्याच्या उतारावर "सात!" आला आणि पुढे नुसतं पाणी वाहिल्याचा आवाज. आम्ही थांबलो, पुन्हा मोजलं. पुन्हा सातवरच अडकलं. आठ नंबर म्हणजे आमच्यातली सर्वांत धाकटी, बारावीतली पोर. नऊ नंबरचे काका तिच्यामागे असायचे. पाच मिनिटांनी दोघं सायकली हातात धरून चालत आले. तिच्या चष्म्यावर आतून वाफ, बाहेरून पाणी, आणि रिमवर दाबणारे ब्रेक ओले होऊन धरेनात, म्हणून ती शहाणपणाने उतरली होती. काका तिच्यासोबत थांबले, पण ओरडायचं विसरले. "तिला धीर देत होतो ना," म्हणाले. नंबर बोलायला काय झालं होतं, असं नऊजणांत फक्त तीच त्यांना म्हणू शकली.

तेव्हा रिम ब्रेकवाल्यांनी उताराच्या आधीच ब्रेक हलकेच घासत राहायचं. रिमवरचं पाणी पुसलं जातं, मग ब्रेक धरतो. कोरड्या रस्त्यापेक्षा दुप्पट अंतर सोडा. चष्मा असेल तर टोपीची झापड हेल्मेटखालून पुढे काढा. आणि मागचा लाल दिवा लुकलुकता न ठेवता सतत जळता ठेवा. लुकलुकणारा दिवा ढगात किती लांब आहे तेच कळत नाही. हे आम्हाला पहिन्यातच कळलं, एकमेकांच्या चाकांना चाकं लावून.

पहिन्याच्या टपऱ्या सकाळी आठला उघडत होत्या. चहा आणि मक्याचं कणीस घेतलं. धबधब्यांकडे कोणी वळलं नाही. आधीच इतके भिजलो होतो की त्यात नवीन काही उरलं नव्हतं.

पुढचा तास या सगळ्या दिवसाचं सार्थक होता. दोन्ही बाजूंना आवणी, म्हणजे भाताची लावणी, चाललेली. घोट्याच्या वर चिखल, पाठीवर प्लास्टिकचे कागद, वाकलेल्या बायांची रांग ढगातून उगवायची आणि मागे ढगात बुडायची. गाणं नव्हतं, बोलण्याचे तुकडे यायचे. रस्त्याच्या कडेला टाकलेल्या रोपांच्या मुठी इतक्या हिरव्या होत्या की त्यावरून रस्त्याची कड कळत होती. आणि अचानक डाव्या-उजव्याचा हिशेबच संपला. समोर पाणी होतं. पलीकडचा काठ नाही, आकाश कुठे सुरू होतं ते नाही. काठावर बांधलेली एक होडी आणि बारीक लाटांची चुळबुळ. काका काहीच बोलले नाहीत, नुसतं आमच्याकडे बघितलं. कोकणाचे फोटो टाकणाऱ्याने फोन काढला, तर तो खिशात भिजून बंद. (फोन दोन पिशव्यांत बांधा. एक पिशवी म्हणजे पिशवी नाही.)

या पाण्याचंही गंमतशीर आहे. त्र्यंबकच्या याच डोंगरांत पडलेला एक थेंब गोदावरीत गेला तर जवळपास दीड हजार किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरात पोचतो. वैतरणेत पडला तर पश्चिमेला अरबी समुद्राची वाट धरतो. तीही पूर्ण करू देत नाहीत, कारण वैतरणेच्या धरणांचं पाणी मुंबईच्या नळांना जातं.

तिथेच माझं मागचं चाक बसलं. पाऊस वाढला होता, सगळे कुडकुडत उभे, म्हणून मी घाईघाईत ट्यूब बदलली, हवा भरली आणि निघालो. टायर आतून चाचपला नाही. बांधावरच्या एका आजींनी सगळा उद्योग पाहिला.

"कुठून आलात?"

"नाशिकहून, आजी."

"सायकलीवर? का, एष्ट्या बंद झाल्या का?"

घोटीपर्यंत रस्ता मधूनमधून उखडलेला आहे. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल ते दिसत नाही, त्यामुळे पुढच्याने हात खाली करून खूण करायची. वैतरणा ते घोटीच्या दरम्यान सायकलचं दुकान शोधू नका. रस्त्यात पंक्चरवाला भेटला तरी त्याच्याकडे पातळ टायरची ट्यूब नसते, म्हणून माणशी दोन ट्यूब न्या. पॅचवर विसंबू नका, ओल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही. मोबाइलची रेंजही जाते-येते, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा.

घोटी येईपर्यंत अकरा वाजले. वरण-भात मागवला. इकडचा नवा इंद्रायणी हिवाळ्यात खावा, पण त्या गारठ्यात जुना भातही देवासारखा लागला. अर्ध्या तासाच्या वर बसू नका, ओले कपडे अंगावर गार झाले की उठवत नाही. कोरडा बनियन आणि मोजे पिशवीत बांधून नेले असतील तर ते इथे घाला. नंतर उपयोग नाही.

महामार्गाची मला आवड नाही. पण वारा पाठीत होता, कडेची पट्टी रुंद होती, आणि एकामागोमाग एक चालवत आम्ही भराभर कापत होतो. मुंढेगाव सोडलं आणि माझं तेच चाक पुन्हा बसलं. या वेळी अंबडच्या कारखान्यात फिटर असलेल्या आमच्या दादांनी मला हात लावू दिला नाही. टायर काढला, आतून बोट सावकाश फिरवलं, अर्ध्यावर थांबले. "हे बघ." काही दिसत नव्हतं. माझं बोट तिथे दाबलं तेव्हा टोचलं. जेमतेम नखाएवढी, केसासारखी पोलादी तार. ट्रकचे टायर फुटले की आतल्या जाळीच्या तारा अशा रस्त्यावर विखुरतात. पकड नव्हती, म्हणून नेलकटरने धरून ओढली. सकाळपासून ती माझ्यासोबत होती. दोन ट्यूब तिने खाल्ल्या, तिसरी काकांची उसनी.

पांडवलेणी दिसली तेव्हा अडीच वाजले होते आणि नाशकात चक्क ऊन. रस्त्यावरचे लोक आम्हा चिखलाने माखलेल्यांकडे बघत होते, पाऊस कुठे पडला म्हणून.

घरी पोचल्यावर आधी सायकल धुवा, चेन फडक्याने कोरडी करून तेल द्या, ब्रेकमध्ये अडकलेली वाळू काढा, मग आंघोळ करा. मी उलटं केलं आणि झोपलो. गुरुवारी सकाळी चेन गेरूच्या रंगाची झाली होती.