चार चिरा

सप्टेंबरचा पहिला आठवडा. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स डोंगरांत मॉसच्या, म्हणजे खडकांवर-मातीवर वाढणाऱ्या शेवाळासारख्या इवल्या वनस्पतींच्या, नोंदी घेत आम्ही दोघी एका घळीत उतरलो. शोध होता अँड्रिया निवालिसचा. ब्रिटनमध्ये हे मॉस स्कॉटलंडच्या उंच डोंगरांवरच सापडतं, तेही बर्फ उन्हाळाभर रेंगाळतो अशा जागी. आठ-नऊ महिने बर्फाखाली राहायचं आणि उरलेल्या दिवसांत वाढून घ्यायचं, असं त्याचं जगणं. बर्फ लवकर गेला की गवत आणि दांडगी मॉसेस त्याची जागा बळकावतात.

जुन्या नोंदीत या घळीत बर्फाचा पट्टा होता. आम्ही पोचलो तेव्हा नुसता ग्रॅनाइटचा चुरा, वरून कोरडा. पोटात गोळा आला. इथल्या ब्रेरिआख डोंगरावरचा ‘स्फिंक्स’ हा बर्फाचा तुकडा विसाव्या शतकात १९३३, १९५९ आणि १९९६ अशा तीनच साली पूर्ण वितळल्याची नोंद आहे. २०१७नंतर मात्र तो पुन्हा पुन्हा नाहीसा होतो आहे.

दोन तास गुडघ्यांवर रांगलो. शेवटी सावलीतल्या एका झिरपत्या खडकावर तळहाताएवढा लालसर-काळा पुंजका दिसला. भिंगातून पाहिलं, तर सगळी पानं विळ्यासारखी एका बाजूला वळलेली. पण तेवढ्यावर खात्री देता येत नाही, याच्या भावंडांचीही पानं अशी वळतात. सोबतची म्हणाली, “एकच काडी घे.” मी एकच घेतली, बीजाणुकोश असलेली.

रात्री सूक्ष्मदर्शकाखाली टोकापर्यंत गेलेली मध्यशीर दिसली, कडांचे बारीक दातही. तेच होतं! काडी तशीच दिव्याखाली राहिली आणि वाळता वाळता कोशाला चार उभ्या चिरा पडल्या. बहुतेक मॉसच्या कोशाला झाकण असतं, ते गळून पडतं. अँड्रियाच्या कोशाची वरची आणि खालची टोकं जोडलेलीच राहतात, मधला भाग कंदिलासारखा फुगतो आणि चिरांतून बीजाणू बाहेर पडतात. पुस्तकात शंभरदा वाचलेलं होतं. पाण्याचा थेंब सोडला, चिरा मिटल्या. वाळू दिलं, पुन्हा उघडल्या. मैत्रिणीला झोपेतून उठवून दाखवलं.

मग पाकिटावर तारीख, उंची, खडकाचा प्रकार लिहिला. ‘बर्फापासून अंतर’ या रकान्याशी पेन थांबलं. तिथे मी ‘बर्फ नाही’ असं लिहिलं.