पालखीचा मुक्काम आणि मासवडी

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पाय ठणकतायत, कितीही वेळा धुतले तरी हाताला कालच्या लसणाचा आणि भाजलेल्या तिळाचा वास येतोय. पण आज नाही लिहिलं तर यातलं निम्मं निसटून जाईल, म्हणून बसलेय.

पालख्या आज सकाळी पुण्यातून हलल्या. काकू गेल्या. घर एकदम रिकामं वाटतंय.

काकू म्हणजे माझ्या जुन्नरच्या मैत्रिणीची आई. वय अडुसष्ट, गुडघ्यांची बोंब, मुलगी सांगून सांगून थकली की गाडीने थेट पंढरपूरला सोडते, पण नाही म्हणजे नाही. यंदा गावच्या दिंडीबरोबर आळंदीहून चालत निघाल्या. परवा संध्याकाळी आम्ही तिघी (जुन्नरची, कोल्हापूरची आणि मी) फर्ग्युसन रस्त्यावर तुकाराम पादुका चौकाजवळ त्यांना शोधत उभ्या होतो. पाऊस भुरभुरत होता, एकामागून एक दिंड्या येत होत्या, टाळांचा आवाज इतका की शेजारणीचं बोलणं ऐकू येईना, आणि त्या गर्दीत काकूच आम्हाला आधी दिसल्या, डोक्यावर गाठोडं, पदर खोचलेला, चेहरा असा की आत्ता घरातून निघाल्यात. मी वाकून नमस्कार केला तर त्या उलट माझ्याच पाया पडल्या. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात हे मला माहीत आहे, दरवर्षी बघते, तरी काकू माझ्या पायाशी वाकल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

माऊलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, हे मुक्काम लहानपणापासून पाठ आहेत. तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराजांनी 1685 साली पालखी घेऊन जायची पद्धत सुरू केली, म्हणजे शनिवारवाड्याचा पाया खणायच्याही पंचेचाळीस वर्षं आधी. आपण पुण्याचं जुनेपण सांगताना आधी वाड्याकडे बोट दाखवतो. दरवर्षी दोन रात्री आपल्या दारात येऊन राहणारी ही माणसं मात्र त्या वाड्याच्याही आधीपासून येतायत, हे मला परवा त्या पावसात उभं राहून पहिल्यांदा नीट जाणवलं.

रात्री काकूंना घरी आणलं. गरम पाण्यात पाय, मग खोबरेल तेल. मैत्रीण एक पाय चोळत होती, मी एक. काकू मध्येच म्हणाल्या, "उद्या दिंडीला जेवण आपल्याकडून. मासवडी करायची. आन् या वेळी तू करायचीस."

तू म्हणजे मी.

इथे थोडं मागे जायला हवं.

1999 साली ही जुन्नरची मैत्रीण आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात कॉट बेसिसवर राहायला आली. वरच्या मजल्यावर एक खोली, चार कॉट, एक खिडकी. आम्ही एकाच वर्गात. दर शनिवारी तिचा डबा यायचा, एसटीने. तिचे वडील जुन्नरला कंडक्टरच्या हातात पिशवी द्यायचे आणि आम्ही दोघी सायकलवर शिवाजीनगर स्टँडला जाऊन ती उतरवून घ्यायचो. (आता स्टँड तिथे नाही, मेट्रोच्या कामात वाकडेवाडीला गेला, पण तिथून जाताना मी अजून नकळत त्या फलाटाकडे बघते.) एकदा पिशवीत डबा आणि वर घट्ट झाकण बांधलेली किटली होती. आम्ही वाड्यात आलो, आजी ओसरीवर वाती वळत बसली होती, तिने विचारलं काय आहे गं डब्यात, आणि ही आपली सरळपणे म्हणाली, "मासवडी आहे आजी."

आजीचा हात थांबला. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. आजी म्हणाली, "तो डबा बाहेरच ठेव बाई." मैत्रिणीचा चेहरा उतरला, मला तर कुठे तोंड लपवू असं झालं. मग ही तिथेच पायरीवर बसली, डबा उघडला आणि म्हणाली, "आजी, यात मासा कुठाय, नुसतं डाळीचं पीठ आहे. आकार तेवढा माशासारखा करतात म्हणून मासवडी." आजीने एक वडी तळहातावर घेतली, उलटसुलट करून पाहिली, वास घेतला. आणि तशीच, ओसरीवर बसल्या बसल्या, अर्धी तोडून खाल्ली. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "खसखस भाजून घातलीय का गं तुझ्या आईने?"

त्या दिवसापासून ती मुलगी आमच्या स्वयंपाकघरात आली ती आलीच. आजीने तिला पुरण वाटायला बसवलं, अळूवडीचा उंडा कसा घट्ट बांधायचा ते दाखवलं, गणपतीत मोदकांना बसवलं. मी तेव्हा काय करत होते? अभ्यास, नाटकाच्या तालमी, कुठे कुठे. मला वाटायचं आजी आहे की, शिकू कधीतरी. आजी 2006 मध्ये गेली. वाडा पाडला, तिथे आता पाच मजली बिल्डिंग आहे.

आणि मला मोदक येत नव्हते. सोळा-सतरा वर्षं आम्ही मोदक विकत आणत होतो, विकतचे वाईट नसतात, पण आजीच्या मोदकाची पारी इतकी पातळ असायची की आतल्या गुळाचा रंग बाहेरून दिसायचा आणि तसा मोदक मी नंतर कुठेच खाल्ला नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी हे मी मैत्रिणीला फोनवर बोलून गेले. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात हजर, हातात आंबेमोहोराच्या पिठीची पुडी. म्हणाली, "आजींनी मला शिकवलेत, मी तुला शिकवते." उकड मळताना हाताला तेल-पाणी किती, अंगठा आत कसा ठेवायचा, कळ्या एकमेकींच्या जवळ कशा पाडायच्या आणि मग मोदक हातात फिरवत फिरवत वर कसं न्यायचं, सगळं आजीचं. सारणात चमचाभर भाजलेली खसखस घालायची, गुळाचं पाणी सुटत नाही, हेही आजीचं. बोलता बोलता ती "हलक्या हाताने गं, हलक्या हाताने" म्हणाली ना, तर सूर पण आजीचा होता. मी ओट्यापाशी उभी राहून रडले. माझ्या आजीचे मोदक जुन्नरच्या मुलीने वीसेक वर्षं सांभाळून ठेवले होते आणि मी मागायचीच ती काय थांबली होती.

म्हणून परवा काकू "तू करायचीस" म्हणाल्या तेव्हा मी नाही म्हणूच शकत नव्हते.

काल पहाटे पाचला सुरुवात. साठ माणसांचं जेवण. कोल्हापूरची रश्श्याला बसली, तिने येतानाच सांगितलेलं की तिखट मी बघणार. कांदा आणि सुकं खोबरं पार काळपट होईपर्यंत भाजलं, घर धुराने भरलं, शेजारच्या काकांनी दार वाजवून विचारलं आणि मग तेच बाजरीचं पीठ मळायला मदतीला आले. भाकऱ्या सोसायटीतल्या बायकांनी वाटून घेतल्या, प्रत्येकीने पंधरा-वीस. दिंडीतली काही वडीलधारी मंडळी कांदा-लसूण खात नाहीत, त्यांच्यासाठी काकूंनी वड्या आणि पातळ आमटी आधी वेगळी करून झाकून ठेवली, कांदा-लसणाचा हात त्याला लागू दिला नाही.

मग माझी पाळी. सारण सोपं आहे, तीळ, खोबरं, खसखस सगळं वेगवेगळं भाजायचं, कांदा तेलात अगदी कोरडा होईस्तोवर परतायचा, लसूण, भरपूर कोथिंबीर. अवघड आहे ते पीठ. फोडणीत वाटण, हळद, पाणी उकळायला लागलं की डाळीचं पीठ एका हाताने सोडायचं आणि दुसऱ्या हाताने घोटत राहायचं, गुठळी एक होता कामा नये, उलथनं उभं राहील इतकं घट्ट. वाफ आली की लगेच ओल्या फडक्यावर घ्यायचं आणि गार पाण्याचा हात लावत थापायचं, चटके बसतात, थांबायचं नाही. वर सारण पसरायचं, मग फडक्याच्याच आधाराने गुंडाळी करून दोन्ही हातांनी दाबत माशासारखी कड काढायची.

माझी पहिली गुंडाळी मधोमध चिरली. दुसरी पण. मी सारण नीट पसरत बसले होते, कडेपर्यंत, सारखं. काकू शेजारी पाटावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "पीठ गार हुतंय पोरी. गार झाल्यावर त्ये कुणाचं ऐकत न्हाई." तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या हातांवर आपले हात ठेवले. ते हात, रापलेले, बोटांची पेरं सुजलेली, आणि दाब इतका बेताचा की मला कळलंच नाही गुंडाळी कधी वळली. चौथी मी एकटीने केली. धारदार सुरीने कापली तर आत ती गडद सारणाची रेघ आणि बाहेर पिवळं पीठ, जसं त्या पहिल्या डब्यात होतं तसंच. मैत्रिणीने एक वडी उचलली, अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी माझ्या तोंडात घातली.

सेकंड इयरच्या पावसाळ्यात आम्ही तिच्या गावाहून नाणेघाटात गेलो होतो ते आठवलं एकदम. ब्राह्मी लेखाच्या गुहेत बसून कालच्या गार मासवड्या आणि भाकरी खाल्लेली, बाहेर धुकं, घाटमाथ्यावर तो जकातीचा दगडी रांजण. सातवाहनांच्या काळात, दोन हजार वर्षांपूर्वी, कोकणातल्या बंदरांवरून व्यापारी तो घाट चढून जुन्नरला यायचे. तेव्हा मैत्रीण म्हणालेली की त्यांनी पण इथे बसून भाकरीच सोडली असणार. तीळ असतील, डाळीचं पीठ असेल, मिरची मात्र नसणार, ती पोर्तुगीजांबरोबर फार नंतर आली. म्हणजे काकूंची मासवडीसुद्धा मध्ये कधीतरी कुणाकडून तरी काहीतरी घेऊनच झालेली आहे. मला हे फार आवडतं.

दुपारी पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये पंगत बसली. आधी हरिपाठ, मग पत्रावळ्या. वाढायला आम्ही तिघी. एक आजोबा, ऐंशीच्या पुढचे, भाकरी रश्श्यात कुस्करून वर वडी मोडून खात होते, मी पुढे गेले तर त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला आणि मग स्वतःच काढून घेतला. "वाढ माऊली, गावची चव हाय." मी काहीच बोलू शकले नाही. वाढलं.

आज पहाटे निघाल्या. आम्ही हडपसरपर्यंत चाललो त्यांच्याबरोबर, तिथून तुकोबांची पालखी लोणीकडे आणि माऊलींची दिवे घाटाने सासवडला, मोठा टप्पा. रात्री उरलेल्या माझ्या हातच्या वड्या मी स्टीलच्या डब्यात भरून दिल्या होत्या, थर लावून, मध्ये केळीचं पान घालून, आणि सारखं वाटत होतं गाठोड्यात दाबून भुगा होणार.

नऊला फोन आला, सासवडच्या तळावरून. मागे भजन चालू होतं, नीट ऐकू येत नव्हतं. घाट चढल्यावर डबा उघडला म्हणाल्या, सगळ्यांना एकेक दिली.

"एक बी फुटली न्हवती गं."

फडकं गॅलरीत वाळत घातलंय. पावसाळी हवा आहे, उद्यापर्यंत वाळेल असं वाटत नाही.