तुफान गुरगुरला तो दिवस

सासवडजवळच्या एका वाडीवर, निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी, कुत्र्यांना शिकवणारी म्हणून मी पहिल्यांदा गेले तेव्हा तुफान हा कारवानी, म्हणजे सडपातळ देशी शिकारी जातीचा कुत्रा 14 महिन्यांचा होता. त्याने चावल्यामुळे सरांच्या नऊ वर्षांच्या गावठी कुत्री काळीच्या बरगडीवर 11 टाके पडून तेव्हा चार दिवस झाले होते. दुसरा कुत्रा मोती, मागच्या एका पायाने अधू, पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हता. सर म्हणाले, “ताई, आवाजसुद्धा केला नाही हो त्याने. एकदम धरली.” ते वाक्य मी वहीत लिहून घेतले, पण त्याचे वजन मला सहा आठवड्यांनी कळले, आणि हा अनुभव लिहायला बसण्याचे कारण तेच आहे.

तुफान सरांच्या पुतण्याचा. दीड महिन्याचा असताना त्याला आईपासून तोडून सोलापूरकडच्या एका शेतावर आणले आणि पत्र्याच्या शेडखाली साखळीला बांधले. पिल्लाच्या आयुष्यातला तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. आपल्या चाव्याने दुसऱ्याला किती दुखते, समोरच्याने मान फिरवली म्हणजे त्याला काय म्हणायचे आहे, हे ते भावंडांशी खेळताना याच काळात शिकते. तुफानचा यातला बराचसा काळ साखळीच्या टप्प्यात गेला. पुढे पुतण्याला शहरात नोकरी लागली आणि कुत्रा काकांच्या अंगणात आला. ‘दोन आहेतच, तिसरा राहील’ असा हिशोब लोक सर्रास करतात, आणि तो चुकला की त्याचे मोल घरातले म्हातारे कुत्रे मोजते.

माझा एक नियम आहे: पशुवैद्यांनी तपासल्याशिवाय मी शिकवायला सुरुवात करत नाही. दुखणारे जनावर चावरे होते, आणि दुखणे शिकवणीने जात नाही. तुफानच्या रक्तात गोचीडतापाची लागण निघाली आणि त्याला 28 दिवसांचे औषध सुरू झाले. खच्चीकरण केले की तो आपोआप निवळेल, असे सरांना निदान पाच जणांनी सांगितले होते. खच्चीकरणाची इतर कारणे योग्य आहेत, परंतु भीतीपोटी चावणारा कुत्रा त्याने निवळेल अशी आशा मी कोणालाही देत नाही.

मग मुसक्याचा प्रश्न आला. आपल्याकडच्या दुकानांत बहुधा कापडी किंवा नायलॉनची तोंड आवळणारी मुसकी मिळतात, आणि विकणारा ती निर्धास्तपणे दिवसभर घालायला सांगतो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा थंड होण्याचा मुख्य मार्ग. एप्रिलच्या उन्हात तोंड आवळून बांधलेला कुत्रा उष्माघाताने मरू शकतो. मुसके जाळीचे हवे, आत तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणीही पिता आले पाहिजे. त्यात कारवानीचा जबडा लांब आणि निमुळता, त्यामुळे इतर जातींसाठीची जाळी नाकावर घासते आणि डोळ्यांशी सैल राहते. मी शिंप्याच्या टेपने माप घेऊन मुसके बनवून घेतले. गळ्याच्या पट्ट्याचेही तेच. या जातीचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसते, त्यामुळे साधा पट्टा कुत्रा मागे रेटून सहज काढून टाकतो. म्हणून मी ओढल्यावर मर्यादेपर्यंतच आवळणारा रुंद पट्टा आणि छातीचा पट्टा असे दोन्ही घालून एकच दोरी दोन्हींना अडकवते.

सरांना मुसके पाहून वाईट वाटले. ‘मुसक्या आवळणे’ हा शब्दप्रयोग आपल्या कानांना इतका सवयीचा आहे की मुसके म्हणजे शिक्षा असेच वाटते. मग त्यांनाच आठवले की लहानपणी खळ्यावर मळणीच्या वेळी बैलांनाही मुसकी असत आणि त्याला कोणी शिक्षा म्हणत नसे. बारा दिवस आम्ही जाळीच्या आतून उकडलेली कलेजी आणि दही देत राहिलो. बाराव्या दिवशी मुसके दिसताच तुफानने आपण होऊन त्यात तोंड घातले. घाईने एका दिवसात चढवलेले मुसके आणि असे चढलेले मुसके यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

त्यानंतरचे तीन आठवडे अंजिराच्या बागांमधल्या रस्त्याने चालण्यात गेले. पहाटे साडेसहाला सर काळीला घेऊन एका कडेने आणि मी तुफानला घेऊन दुसऱ्या कडेने, एकाच दिशेने, सुरुवातीला 40 फुटांचे अंतर ठेवून निघत असू. समोरासमोर आणणे हा अडाणीपणा आहे. कुत्र्यांच्या शिष्टाचारात सरळ नजर रोखून चालत येणे म्हणजे आव्हान. तुफानने काळीकडे पाहिले आणि अंग सैल ठेवले की त्याला कोंबडीचा तुकडा मिळे. अंग ताठले की आम्ही अंतर वाढवत असू. कारवानीचे अंग वाचणे अवघड असते: केस इतके आखूड की मानेवरचे उभे राहिलेले नीट दिसत नाहीत, आणि कान एरवीही मागेच पडलेले. त्यामुळे मी त्याचे तोंड पाहत असे. उघडे तोंड एकदम मिटले आणि श्वास थांबला की तो क्षण धोक्याचा. पाचव्या आठवड्यापर्यंत अंतर 10 फुटांवर आले. माझ्या वहीत त्या आठवड्यांच्या नोंदींत एकच शब्द पुनःपुन्हा आहे: ‘शांत’.

त्रेचाळिसाव्या दिवशी मी अंगणातली पहिली भेट ठरवली. काळी ओट्यावर होती, तुफानला मुसके आणि 15 फुटांची दोरी होती, आणि दोरी सैल होती. पुतण्या सुटीवर आला होता. त्याला मी दूर बसायला सांगितले होते, परंतु त्याच्या हातात दोरीचे टोक देण्याची चूक मात्र माझीच. मोती लंगडत पाण्याच्या घमेल्याकडे निघाला आणि तुफानच्या फार जवळून गेला. तुफान जागीच थिजला. तोंड मिटले. आणि मग, मी त्याच्याकडून कधीही न ऐकलेला, अगदी खालच्या पट्टीतला आवाज आला. तो गुरगुरत होता.

माझ्या मनात त्या क्षणी आनंदच होता, हे मी लपवणार नाही. गुरगुरणारा कुत्रा समोरच्याला जायला वाट देतो. मोतीने ते ओळखले, मान वळवली आणि तो मागे सरू लागला. कुत्र्यांनी आपसात ते मिटवलेच होते. इतक्यात पुतण्या ‘गप!’ म्हणून ओरडला आणि त्याने दोरीला हिसका दिला. गळ्याला ताण बसताच तुफानने झेप घेतली. मुसक्याची जाळी मोतीच्या खांद्यावर आदळली. मी ओरडले नाही. रोज चालताना पक्की केलेली शीळ दोनदा दिली, आणि तो वळून माझ्याकडे आला. मोतीच्या अंगावर ओरखडाही नव्हता. मुसके नसते तर काळीसारखेच टाके पडले असते.

पुतण्या हादरला होता. तो सांगू लागला, “मॅडम, चार महिन्यांचा असल्यापासून तो गुरगुरला की मी काठी उगारायचो. मारलेसुद्धा. डोक्यावर चढू द्यायचे नाही, असे मला पैसे घेऊन शिकवले होते.” मी त्याला फार कठोर शब्दांत बोलले, आणि त्याचे मला वाईट वाटते, कारण तो खोटे सांगत नव्हता. ‘कळपाचा म्होरक्या व्हा’ ही शिकवण आजही विकली जाते. तिचे मूळ 1947 साली कोंडून ठेवलेल्या, परस्परांशी नाते नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. ही कल्पना लोकप्रिय करणाऱ्यांपैकीच एक असलेले अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये स्पष्ट लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, म्हणजेच एक कुटुंब. तरीही पिल्लाच्या गुरगुरण्यावर काठी पडतेच. त्याने भीती जात नाही, फक्त इशारा जातो, आणि मग कुत्रा आवाज न करता चावतो.

मला छळते ते हे की हे सारे मला ठाऊक होते. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की आवाज झाला नाही. तीन आठवडे मी त्याच मुकेपणाला ‘शांत’ म्हणून नोंदत राहिले. अंग सैल होते, तो खात होता, माझ्या दृष्टीने सगळे ठीक होते. कदाचित त्यातले काही दिवस तो खरोखर शांत असेल. कोणते, ते आता वहीवरून सांगता येत नाही.

नंतर आम्ही तीन दिवस पूर्ण विश्रांती दिली आणि पुन्हा 20 फुटांपासून सुरुवात केली. आता घरात एकच हुकूम आहे: गुरगुरण्यावर कोणी रागवायचे नाही, दुसऱ्या कुत्र्याला हाक मारून बाजूला घ्यायचे. आज या गोष्टीला आठ महिने झाले. तिघांचे जेवण तीन खोल्यांत होते, हाडूक कोणालाही मिळत नाही, घरात माणूस नसेल तर तुफान जाळीच्या फाटकापलीकडे असतो, आणि ही व्यवस्था आयुष्यभराची आहे, असे मी सरांना स्पष्ट सांगितले आहे. सर जुन्या हजेरीपटावर त्याचे गुरगुरणे मांडतात. कधी फोन येतो, “ताई, आज दोनदा. मोती गोधडीवर यायला लागला होता. ऐकून परत फिरला.”

गेल्या महिन्यात सरांनी विचारले की अंगणात तिघे एकत्र असताना तरी मुसके काढायचे का. मी नको म्हणाले. तो नकार तुफानकडे पाहून दिला की माझ्या त्या वहीकडे पाहून, हे मला अजून ठरवता आलेले नाही. येत्या रविवारी मी जाणार आहे. आधी मोतीला फिरवून आणायचे, दोरी माझ्याच हातात ठेवायची आणि मुसके खिशाला अडकवून ठेवायचे, एवढे ठरले आहे.