तिकांडं

आमच्या ग्रुपमधली माणसं मला आवाजावरून ओळखू येतात, चेहऱ्यावरून नाही. खरंच सांगतो. भेटायचं अमावास्येच्या आसपास, टॉर्चला पतंगाचा लाल कागद चिकटवलेला, आणि त्यात कुणी मोबाईल उघडला की सगळे मिळून शिव्या घालणार, कारण डोळे अंधाराला सरावायला २०-२५ मिनिटं लागतात आणि एका गुड नाईटच्या मेसेजनं सगळं मुसळ केरात. चेहरे बघायचे कधी?

आम्ही चौघं औशाच्या पुढं माळावर जातो. एक बँकेतला, एक झेडपीच्या शाळेवरचे सर, एक मोबाईल रिपेअरवाला पोरगा आणि मी. दुर्बीण आठ इंची डॉब्सोनियन, वर्गणी काढून घेतलेली. तिचं नळकांडं मागच्या सीटवर आडवं टाकलं की चौथ्यानं मोटरसायकलवर यायचं. चौथा म्हणजे मीच, तेही डिसेंबरात.

पाचवा आला तो काठी घेऊन.

"कोन हाय रं? काय करायलाव इथं?"

पाण्याच्या मोटारीची केबल चोरायला आलोत असं वाटलं त्याला, आणि त्याची चूक नव्हती, रात्री साडेबाराला चार जण नळकांड्याभोवती वाकून उभे म्हटल्यावर दुसरं काय वाटणार. सर घाईघाईत म्हणाले, मामा आम्ही तारे बघायलोय, हे बघा मृग नक्षत्र. मामानं वर बघितलंसुद्धा नाही. "तिकांडं हाय ते. रोजच बघतो की."

मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांना तिकांडं म्हणतात हे आजीकडून ऐकलेलं, पण त्याचं घड्याळ करणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. थ्री फेज लाईट रात्रीची, दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रात्रीच जायचं, तिकांडं डोक्यावर आलं की मोटार बंद. सरांमधला मास्तर जागा झाला, म्हणाले ते रोज चार मिनिटं लवकर उगवतं, महिन्याला दोन तास. मामा म्हणाला, "म्हणून तर दर आठ दिवसाला हिशोब बदलावा लागतो." सर गप्प. (सर गप्प झालेले आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकले.)

दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ दाखवला तर "धूर हाय का?" एवढंच. पण अगस्तीचा तारा आवडला. तिकांडं माथ्यावर आल्यावर पाऊण तासानं तो दक्षिणेला सगळ्यात वर येतो, आमच्याकडून क्षितिजाच्या वर साधारण १९ अंश, म्हणजे हात लांब करून एकावर एक दोन मुठी. उत्तरेला ध्रुवही जवळपास तेवढाच. मामानं दोन्हीकडं मुठी मोजून बघितल्या, मग काठी बाजूला ठेवून बसला. तेव्हापासून आमची जागा म्हणजे त्याचं रान.

एकदा पोरानं ॲपवर तारीख मागं नेऊन दाखवली, कुठल्याही दिवसाचं आभाळ बघता येतं म्हणून. मामा म्हणाला, किल्लारीची लाव. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, भूकंपाची वेळ. आदल्या रात्री गणपती बुडवून झोपलेली गावं. स्क्रीनवर तिकांडं पूर्वेकडून बरंच वर आलेलं, चंद्र जवळजवळ पूर्ण, पश्चिमेला उतरलेला. मामानं बराच वेळ फोन धरून ठेवला आणि त्या उजेडाला कुणीच काही बोललं नाही. नंतर म्हणाला, "हां, चांद हुताच." मग आपणहून सांगितलं की त्यानंतर कित्येक महिने घरचं कुणी छताखाली झोपलं नाही, छताचीच भीती, उघड्यावर पडून नुसतं वर बघायचं. आभाळ पाठ झालं ते असं. मी तोपर्यंत समजत होतो की दारं धरता धरता झालं असेल.

परवा लातूरच्या मोंढ्यात कामानं गेलो होतो, सोयाबीनची गर्दी, धूळ, हमालांची आरडाओरड. एक टोपीवाला माणूस समोर येऊन हसायला लागला, मीपण ओळख असल्यासारखा हसलो, मनात म्हटलं हा कोण. त्यानंही डोळे बारीक केले, म्हणजे त्याचीही खात्री नव्हती. मग म्हणाला, "नऊलाच उगवायलंय आता."

अरे मामा!

दोन वर्षांत पहिल्यांदा उन्हात बघितलं त्याला. मिशा आहेत मला माहीतच नव्हतं. त्यानं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "मला वाटलं तुमी उंच असताल."

अमावास्येला ढग आहेत म्हणे. त्याचा फोन येऊन गेला, च्या प्यायला तरी या.